इसापच्या मागावर: अथेन्स, सामोस, डेल्फी

रविवार, अथेन्स

अथेन्सच्या पहिल्या सकाळी बहुतेक लोक ॲक्रोपोलिसची वाट धरतात. मावशी आणि मी त्याच्या समोरच्या प्निक्स टेकडीवर गेलो. तिकीट नाही, गर्दी नाही, वाटेवर पाइनची सावली. वर गेल्यावर मोठं उघडं मैदान लागतं आणि त्याच्या कडेला खडकात कोरलेला चौथरा. नागरिकांच्या सभेत बोलायचं असेल तर माणूस या चौथऱ्यावर चढायचा.

मावशी जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि इसापनीती तिला तोंडपाठ आहे. या गोष्टी जिथे सांगितल्या गेल्या त्या जागा बघायच्या, एवढ्याच हेतूने आम्ही ही सहल आखली होती. प्निक्सपासून सुरुवात करायचं कारण अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस. इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरने थीब्ज शहर जमीनदोस्त केलं आणि अथेन्सला निरोप पाठवला, की तुमचे अमुक अमुक वक्ते माझ्या ताब्यात द्या. त्या यादीत डिमॉस्थेनिसचं नाव होतं. नंतरच्या काळातला ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की तेव्हा त्याने लोकांना लांडग्यांची आणि मेंढ्यांची गोष्ट सांगितली. लांडगे मेंढ्यांना म्हणाले, आपल्यातलं भांडण या कुत्र्यांमुळे आहे, तेवढे आमच्या हवाली करा म्हणजे तह झाला. मेंढ्यांनी कुत्रे देऊन टाकले. पुढे काय झालं ते सांगायला नको.

मी हे चौथऱ्याजवळ वाचून दाखवलं. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मी ही गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल. पण सांगणाराच त्यातला कुत्रा आहे, हे मला आज कळतंय."

माझ्या डोक्यात या सहलीचं सूत्र तिथेच पक्कं झालं. इसापच्या गोष्टी मुलांना वळण लावण्यासाठी जन्मल्या नाहीत. अडचणीत सापडलेल्या माणसाने, आपल्याहून बलवान माणसासमोर, उघड बोलता येत नाही म्हणून काढलेली ती वाट होती.

दुपारी अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात. सॉक्रेटिसचा तुरुंग म्हणून फिलोपापू टेकडीवर लोखंडी दारांची एक गुहा दाखवतात. फोटोला ती छान आहे, पण तिचा सॉक्रेटिसशी संबंध असल्याचा पुरावा नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते खरा तुरुंग अगोराच्या नैर्ऋत्येला होता. तिथे आता नुसते दगडी पाये उरले आहेत. उत्खननात तिथे मातीच्या चिमुकल्या औषधाच्या बाटल्या आणि सॉक्रेटिसची एक छोटी मूर्ती सापडली. बाटल्या अगोराच्या संग्रहालयात आहेत. त्या बघायला विसरू नका, बहुतेक लोक मोठ्या पुतळ्यांकडे बघत पुढे निघून जातात.

इ.स.पू. ३९९ मध्ये मृत्यूची वाट बघत सॉक्रेटिस तुरुंगात काय करत होता? त्याचा शिष्य प्लेटो याने 'फीडो' या संवादात लिहून ठेवलंय: इसापच्या गोष्टी पद्यात रचत होता. त्याला वारंवार एक स्वप्न पडायचं, "काव्य कर." गोष्टी रचण्याचं अंग आपल्याला नाही, म्हणून ज्या पाठ होत्या त्या घेतल्या, असं तो मित्रांना सांगतो. त्या सकाळी नुकत्याच पायातल्या बेड्या काढलेल्या असतात. तो पाय चोळतो आणि म्हणतो, की सुख आणि दुःख किती विचित्र जोडी आहे, एकाच्या मागोमाग दुसरं येतंच. इसापच्या हे लक्षात आलं असतं तर त्याने यावर गोष्ट केली असती. ज्याचे थोडे दिवस उरले आहेत असा तत्त्वज्ञ सोबतीला इसापसारख्या एका गुलामाच्या गोष्टी घेतो, हे मला होमरच्या सगळ्या युद्धांपेक्षा मोठं वाटतं.

जूनच्या अखेरीला जात असाल तर एक लक्षात ठेवा. उष्णतेची लाट आली की ॲक्रोपोलिससारखी उघडी स्थळं भर दुपारी बंद ठेवतात. सकाळी उघडतानाच आत जा, दुपार संग्रहालयात काढा.

रात्री पिरेयस या अथेन्सच्या बंदरातून सामोस बेटाचं जहाज. खुर्चीऐवजी केबिन घ्या, विशेषतः बरोबर वयस्क माणूस असेल तर.

सोमवार, सामोस

सामोस हिरवं आहे. एजियनमधली बेटं म्हणजे पांढरी घरं आणि उघडे खडक, या कल्पनेने गेलो होतो, इथे डोंगरभर पाइन, ऑलिव्ह आणि द्राक्षमळे. पलीकडे तुर्कस्तानचा किनारा इतका जवळ की तिथली झाडी दिसते.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसापचा उल्लेख केला आहे तो सामोसच्या संदर्भात. इयाडमॉन नावाच्या सामोसकराचा तो गुलाम होता, असं तो सांगतो. हिरोडोटस इसापनंतर साधारण शंभर वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे हा उल्लेख फार मोलाचा. इसाप मूळचा थ्रेसचा की फ्रिजियाचा, यावर जुने लेखकही भांडत राहिले. कुरूप, कुबडा, आधी मुका आणि मग देवीच्या कृपेने बोलका झालेला इसाप आपल्याला माहीत आहे, तो फार नंतरच्या चरित्रकथेतला.

पिथागोरिओच्या बंदरावर पायथागोरसचा पुतळा आहे. गावाचं नावही त्याच्यावरून १९५५ मध्ये ठेवलं. इसापच्या नावाचं काही दिसतंय का म्हणून आम्ही बंदरभर फिरलो, दिसलं नाही. फीड्रस या रोमन कवीने लिहिलंय, की अथेन्सच्या लोकांनी इसापचा पुतळा उभारला, एका गुलामाला कायमच्या चौथऱ्यावर चढवलं, मोठेपणाची वाट सगळ्यांना खुली आहे हे कळावं म्हणून. फीड्रस स्वतः आधी गुलाम होता, नंतर मुक्त झाला. इसापच्या गोष्टी लॅटिन पद्यात त्याने आणल्या. त्यानेच हे सर्वांत स्पष्ट सांगितलंय: गुलामाला मनातलं बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याने ते कल्पित गोष्टींत गुंडाळलं.

युपालिनोसचा बोगदा आवर्जून बघा. इ.स.पू. सहाव्या शतकात शहराला पाणी आणण्यासाठी डोंगर दोन्ही बाजूंनी एकदम खोदला, लांबी १०३६ मीटर, आणि दोन्ही टोकं मध्ये जुळली. डोक्यावर शिरस्त्राण देतात. सुरुवातीचा जिना फार अरुंद आहे, कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी जाऊ नये. मावशी बाहेर ऑलिव्हखाली बसून राहिली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. याच शहराच्या तटाभोवतीचा खंदक लेस्बोसच्या कैद्यांनी साखळदंडात खणला, असंही हिरोडोटस लिहितो. इसाप ज्या गावात गोष्टी सांगत होता ते असं गाव होतं.

संध्याकाळी हेराचं देऊळ, म्हणजे हेरायॉन. प्रचंड देवळाचा एकच खांब उभा आहे, तोही अर्धा. हेराचा पक्षी मोर, सामोसच्या जुन्या नाण्यांवरही मोर आहे. मोर देवीकडे तक्रार घेऊन जातो, की कोकिळेसारखा गळा मला का नाही, ही गोष्ट मावशीने त्या खांबाखाली मला पूर्ण सांगितली. (ग्रीक-लॅटिन गोष्टीत तो नाइटिंगेल आहे, मावशीच्या वर्गात कोकिळाच.) शेजारी एक जर्मन जोडपं उभं होतं. त्यांना भाषा कळत नव्हती, पण मावशीचा मोर कळला. दोघं हसत ऐकत राहिली.

मंगळवार, डोंगरातलं गाव

ग्रीसमधली बरीच सरकारी स्थळं आणि संग्रहालयं मंगळवारी बंद असतात, म्हणून हा दिवस उत्तरेच्या डोंगरातल्या मानोलातेस गावासाठी ठेवला होता. दगडी गल्ल्या, निळ्या खिडक्या, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे मस्कट द्राक्षांचे मळे. याच द्राक्षांची सामोसची गोड वाइन प्रसिद्ध आहे.

जेवायला बसलो त्या खानावळीच्या अंगणावर द्राक्षवेलीचा मांडव होता, आपल्या नाशिककडे असतो तसा. घड लोंबत होते, हिरवे आणि टणक. मावशीने मालकीणबाईंना खुणेनेच विचारलं, एक तोडू का? बाईंनी हसून मान हलवली. मावशीने दाणा चावला आणि तिचा चेहरा पार आक्रसला. बाईंनी बोटाने पुढचे महिने मोजून दाखवले: ऑगस्ट.

कोल्ह्याच्या त्या गोष्टीच्या ग्रीक पाठात द्राक्षं झाडावर चढवलेल्या वेलीला लोंबतात. हे कळल्यावर गोष्ट एकदम खरी वाटते, कारण इथल्या मळ्यांतल्या बुटक्या वेलींची द्राक्षं कोल्ह्याला सहज मिळाली असती. आणि वर्षातले कित्येक आठवडे ती खरोखर आंबट असतात! तो कोल्हा निव्वळ खोटं बोलत नव्हता. मावशीला हे अजिबात पटलं नाही. "त्याला मिळाली असती तर त्याने आंबट म्हणून टाकली असती का?" या मुद्द्यावर आमचं दुपारभर चाललं.

शाकाहारी मंडळींसाठी: मेन्यूवर 'लादेरा' हा शब्द शोधा. तेलात शिजवलेल्या भाज्यांचा हा प्रकार, यात सहसा मांस नसतं. भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची 'गिगांतेस', आणि छोल्यांचे तळलेले वडे. हे वडे मावशीला इतके आवडले की तिने स्वयंपाकघरात जाऊन कृती बघितली. कांदा, पुदिना, भिजवलेले छोले, बेसन नाही.

रात्री खोलीवर ॲरिस्टॉटल. 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथात तो सांगतो, की सामोसमध्ये एका लोकनेत्यावर देहदंडाचा खटला चालू होता आणि इसाप त्याची बाजू मांडायला उभा राहिला. त्याने गोष्ट सांगितली: कोल्हा नदी ओलांडताना घळीत अडकला, अंगाला गोचिडी चिकटल्या. साळिंदराला दया आली, काढू का म्हणाला. कोल्हा म्हणाला, नको. यांचं पोट भरलंय, आता फारसं रक्त पीत नाहीत. यांना काढलंस तर दुसऱ्या भुकेल्या येतील आणि उरलेलं पिऊन टाकतील. मग इसाप म्हणाला, सामोसकरांनो, हा माणूस आता श्रीमंत झालाय, याला माराल तर गरीब येतील आणि तुमची तिजोरी रिकामी करतील.

मावशी उठून बसली. "ही गोष्ट पाठ्यपुस्तकात का नव्हती, ते कळलं."

बुधवार, बंदर

परतीचं जहाज दुपारचं होतं. वारा इतका वाढला की बंदरातून जहाजं सोडणं थांबवलं, आमचं निघालं रात्री उशिरा. एजियनमध्ये हे नेहमीचं आहे. बेटावरून परतण्याच्या दुसऱ्याच दिवशी मायदेशीचं विमान ठेवू नका, मध्ये एक मोकळा दिवस हवाच.

आमची दुपार मात्र फार सुंदर गेली. बाकावर शेजारी एक आजी बसल्या होत्या, निवृत्त शिक्षिका, बरीच वर्षं मेलबर्नला राहून परतलेल्या, म्हणून इंग्रजी छान. मावशीही शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी पिशवीतून जर्दाळू काढले आणि मला दुभाषी नेमलं. मागच्या पाइनमध्ये सिकाडा किडे कर्कश ओरडत होते. आजी म्हणाल्या, मुंगीच्या गोष्टीतला गवई हाच. आपल्याकडे तिथे टोळ किंवा नाकतोडा येतो. भर दुपारी तो आवाज कानात भरल्यावर मला वाटलं, उन्हाळाभर गाणारा जीव म्हटल्यावर ग्रीक माणसाला दुसरं काय सुचणार?

मग दोन्ही बाई या गोष्टी कुठून कुठे गेल्या याचा हिशेब मांडत बसल्या. ग्रीकमधली सर्वांत जुनी माहीत असलेली प्राणिकथा इसापची नाहीच, ती त्याच्या आधीच्या हेसिअड या कवीची: ससाण्याच्या नख्यांत सापडलेला नाइटिंगेल. इसापच्या नावाचा पहिला ज्ञात गद्य संग्रह इ.स.पू. ३०० च्या सुमारास फालेरोनच्या डिमीट्रिअसने केला, तो हरवला. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की गोष्टीखालचं तात्पर्य आधी गोष्टीच्या डोक्यावर असायचं, 'अमुक प्रसंगी उपयोगी' अशी वक्त्यांसाठी खूण म्हणून. ते खाली सरकलं आणि उपदेश झालं. मग फीड्रस लॅटिनमध्ये, बाब्रिअस ग्रीक पद्यात. छापखाना आल्यावर १४८४ मध्ये कॅक्स्टनने इंग्रजी इसाप छापला. १५९३ मध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी जपानमध्ये जपानी भाषेतला इसाप छापला. १६६८ मध्ये ला फाँतेन या कवीने फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला आपल्या गोष्टी अर्पण केल्या, पण त्यातला सिंह आणि त्याचा दरबार बघितला की वाचक कोण अभिप्रेत होता याची शंका उरत नाही. रशियात क्रिलोव्ह झारच्या अमलाखाली लिहीत होता, त्यालाही प्राणीच उपयोगी पडले.

"आणि तुमच्याकडे?" आजींनी विचारलं. मावशीने ताठ बसून सांगितलं: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरफोजीराजांच्या तंजावरात मराठी भाषांतर झालं, आणि १८२८ मध्ये मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'इसपनीतिकथा' निघाली. म्हणजे छापील मराठी गद्य रांगत होतं तेव्हापासून इसाप घरात आहे. त्याआधी आमचं पंचतंत्र होतंच, हेही तिने ठणकावून सांगितलं. सिंहाच्या कातड्यातलं गाढव तिकडेही आहे आणि इकडे वाघाच्या कातड्यात आहे. कोणी कोणाकडून घेतलं यावर आजींनी वाद घातला नाही, अजून दोन जर्दाळू दिले.

गुरुवार, डेल्फीकडे

सकाळी पिरेयस, तिथून लिओसिऑन रस्त्यावरचं केटेलचं, म्हणजे ग्रीसमधल्या लांब पल्ल्याच्या बससेवेचं, स्थानक. डेल्फी साधारण तीन तास. अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली भरपूर आहेत, पण शक्य असेल तर एक रात्र तिथे राहा. सहलींच्या बस गेल्यावर गाव मोकळं होतं. आमच्या खोलीच्या गच्चीतून खाली अम्फिसाचं ऑलिव्हचं रान आणि त्याच्या टोकाला इतेआचं आखात दिसत होतं. दोन रात्रींची झोप राहिली होती, आम्ही जेवलो आणि झोपलो.

शुक्रवार, डेल्फी

सकाळी पहिल्या तासात आत गेलो. वर फेड्रिआडेस, म्हणजे दोन उभे कडे, मधून कास्टालियाचा झरा. यातल्या ह्याम्पिया नावाच्या कड्यावरून इसापला ढकलून मारलं, असं प्लुटार्क सांगतो. प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी होता, म्हणजे आपल्याच देवस्थानाचं पाप तो लिहीत होता. लिडियाचा राजा क्रीसस याने इसापला सोनं देऊन पाठवलं होतं, डेल्फीच्या प्रत्येक माणसाला चार मिना (पैसे मोजायचं तेव्हाचं एक माप) वाटायला. वाद झाला, इसापने पैसे परत पाठवून दिले. डेल्फीकरांनी देवाच्या वस्तूच्या चोरीचा आळ घेतला. देवाचं भांडं चोरल्याचा हा आरोप ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२२ च्या 'वॉस्प्स' नाटकातही आहे, म्हणजे अथेन्सच्या प्रेक्षकांना तो तेव्हाच माहीत होता.

त्याच नाटकात असंही आहे, की आरोप झाल्यावर इसापने त्यांना शेणकिड्याची गोष्ट सांगितली. गरुड सशाच्या मागे लागतो. सशाला आसऱ्याला कोणीच नाही, दिसतो फक्त एक शेणकिडा. किडा गरुडाला देवांचा राजा झ्यूस याची शपथ घालतो: हा माझ्या आश्रयाला आलाय, सोड. गरुड किड्याकडे बघतही नाही, ससा त्याच्यासमोर फाडून खातो. मग किडा गरुडाचं प्रत्येक घरटं शोधून अंडी खाली लोटतो. गरुड शेवटी झ्यूसकडे जातो आणि त्याच्या मांडीवर अंडी घालतो. किडा शेणाची गोळी घेऊन उडतो आणि ती झ्यूसच्या मांडीवर टाकतो. झ्यूस झटकायला उठतो आणि अंडी फुटतात.

संग्रहालयात ओम्फालोस, म्हणजे जगाच्या नाभीचा दगड, बघताना मावशीने मला कोपराने ढोसलं. झ्यूसने जगाच्या दोन टोकांहून दोन गरुड सोडले आणि ते जिथे भेटले ते डेल्फी, ही इथली दंतकथा फलकावर होती. गरुडांच्या गावात उभं राहून इसापने गरुडाच्या अंड्यांची गोष्ट सांगितली! डेल्फीकरांना ती नक्की कळली असणार. पण ते थांबले नाहीत. सामोसच्या खटल्यात तो दुसऱ्यासाठी बोलत होता, डिमॉस्थेनिसमागे अख्खं शहर होतं. इथे त्याच्यामागे कोणी नव्हतं.

अपोलोच्या देवळाखाली बहुकोनी दगडांची भिंत आहे. दगड एकमेकांत इतके बेमालूम बसवलेत की लोक त्या जोडांचे फोटो काढतात. जवळ जाऊन बघा, कारण भिंतभर बारीक अक्षरं कोरलेली आहेत. तिरपं ऊन असताना ती चांगली दिसतात, म्हणूनही लवकर जा. हे आठशेहून अधिक लेख आहेत आणि त्यातले बहुतेक गुलामांच्या मुक्ततेचे. मालक गुलामाला अपोलोला 'विकायचा', किंमत बहुधा गुलामानेच साठवलेल्या पैशांतून यायची, देव त्याच्याकडून काम घ्यायचा नाही, म्हणून तो मोकळा. साक्षीदारांची नावं, रक्कम, सगळं दगडावर. पुष्कळ लेखांत एक अट आहे: मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याकडेच राहून सांगेल ते काम करायचं. बहुतेक लेख इसापच्या कित्येक शतकांनंतरचे.

तिथेच मी मावशीला इसापबद्दलचं हिरोडोटसचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. इसापला मारल्यावर दैवी कौलानुसार डेल्फीकरांनी पुन्हा पुन्हा दवंडी पिटली, त्याच्या जिवाची भरपाई कोण घेणार? कोणी आलं नाही. शेवटी इयाडमॉनचा नातू, तोही इयाडमॉनच, आला आणि त्याने ती घेतली.

"म्हणजे जीव याचा आणि पैसे मालकाच्या नातवाला," मावशी म्हणाली. मग भिंतीवरच्या एका ओळीवर, हात न लावता, बोट फिरवत तिने विचारलं, "यातलं नाव कुठलं गं?" मला ग्रीक अक्षरं लावता येतात, तेवढी लावली. एका बाईचं नाव होतं. मावशीने ते वहीत देवनागरीत उतरवून घेतलं. पुढचा तासभर ती एकेक लेख दाखवत गेली आणि मी वाचत गेले, पहारेकरी दोनदा येऊन दोरीच्या मागे राहा म्हणून सांगून गेला.

दुपारी पुतळ्यांसाठी पुन्हा संग्रहालय: ब्राँझचा सारथी, नॅक्सोसचा स्फिंक्स, चांदीचा बैल. परतताना अराखोवाला उतरलो, तिथलं फोर्माएला चीज जाळीवर भाजून देतात, लिंबू पिळून खायचं. डेल्फीहून अथेन्सची शेवटची बस उन्हाळ्यात भरते, तिकीट सकाळीच काढून ठेवा, आणि मध्ये अराखोवाला उतरणार असाल तर तिथून पुढची जागा मिळेल का, हे खिडकीवर आधी विचारा.